बबनअण्णांची बेस गिटार काशीला नेली, त्याची हकीकत

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं पुष्कळ फिरलेली असतात. त्यांना इतिहास माहीत असतो, देवळं कुणी बांधली ते माहीत असतं. मी या वर्षापर्यंत सोलापूरच्या पलीकडे गेलो नव्हतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे का हे घरात कुणाला दाखवता येत नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी कुलकर्णी मॅडमनी चार वेळा सांगितलं, तेव्हा कुठे बसलो. आणखी एक कबुली देतो. काशीत मी चार दिवस होतो, पण जास्त वेळ एका काळ्या पेटीकडेच बघत होतो. विश्वनाथाबद्दल विचाराल तर मला फार सांगता येणार नाही.

त्या पेटीत बेस गिटार होती. आमच्या कॉलेजचा चौघांचा संच बँडच्या स्पर्धेसाठी बनारसला निघाला होता आणि बेस मी वाजवणार होतो. गिटार मात्र बबनअण्णांची. अण्णा आमच्या तालुक्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात. सुट्टीत त्यांचे स्पीकर उचलता उचलता मी त्यांच्याकडूनच वाजवायला शिकलो. त्यांच्या घरची चूल या एका गिटारीवर चालते. आम्ही परतल्यानंतरच्या रविवारी त्यांच्या हंगामातलं पहिलं लग्न होतं. अण्णा द्यायला तयार नव्हते. शेवटी माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, गॅरेजातून तसेच काळ्या हातांनी त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "पोराच्या हातून काही झालं तर मला धर."

निघताना अण्णांनी मला समोर बसवून सांगितलं, "भिंतीला टेकवून उभी करायची नाही, मान वाकते. थंडीतून खोलीत आणलीस तर पेटी लगेच उघडायची नाही, तासभर तशीच राहू दे. प्रवासात तारा अर्धा फेरा सैल. अर्धाच! पूर्ण कधीच सोडायच्या नाहीत. मानेच्या आत लोखंडी सळई आहे. तारा पुढं ओढतात, सळई मागं ओढते. एकानं सोडलं की दुसरा जिंकतो. आणि जिथं ही झोपंल तिथं तू झोपायचं."

ब्रह्माघाट

स्पर्धकांची सोय विद्यापीठाजवळच्या एका वसतिगृहात होती. खोली तळमजल्याची, भिंतीला ओल आलेली. मी गादीवर हात ठेवला तर गादी गार आणि दमट. सोबत आलेल्या कुलकर्णी मॅडमनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांच्या मामांना फोन लावला. हे दामोदरकाका ब्रह्माघाटावर राहतात, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. अशा रीतीने बाकीचे तिघे विद्यापीठाकडे राहिले आणि मी पेटीसह शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

रिक्षा मोठ्या रस्त्यावरच थांबली. पुढे गल्ली इतकी अरुंद की समोरून सांड आला, तर पेटी डोक्यावर घेऊन मी एका शिंप्याच्या दुकानात शिरलो. शिंपी कपडा शिवतच म्हणाला, "आराम से भैया, ये तो रोज का है." सांड निघून गेला. मी बाहेर येताना शिंप्याने माझ्या खांद्याला लागलेलं शेण चिंधीने पुसून दिलं.

काकांचं घर चौथ्या मजल्यावर. जिना गोल आणि दगडी. दुसऱ्याच वळणावर पेटी अडली. पुढे जाईना, मागे येईना. वरून काका ओरडले, "बेटा, तिला वापस खाली ने! रस्सी टाकतो!"

मला वाटलं ते थट्टा करत आहेत. पण या घरांत कपाट, गादी, गॅसचा सिलेंडर, सगळं बाहेरून दोरीनेच वर जातं. काकांनी वरून दोर सोडला आणि खाली उतरून स्वतः गाठी मारल्या. मग त्यांची मुलगी रेवा आणि काकू वरून ओढू लागल्या. अण्णांची गिटार माझ्या डोळ्यांसमोर तीन मजले उंच, हवेत, हळूहळू फिरत होती. शेजारच्या सज्जावर एक माकड येऊन बसलं आणि त्याने हात लांबवला. काकूंनी पोळपाट बडवला, तेव्हा ते गेलं.

"डरायचं नाही," काका म्हणाले, "या दोरानं माझ्या लग्नातलं कपाट चढलंय."

वर गेल्यावर मी पेटी तासभर उघडली नाही. काकूंनी चूडा-मटर दिलं, म्हणजे तुपात परतलेले पोहे आणि कोवळे मटार, वर आल्याचे बारीक तुकडे. आपल्याकडे पोह्यांत हळद असते, यात नव्हती, पण मी तीनदा घेतलं. घरातलं मराठी ऐकून मात्र मी चकित झालो. "तू आधी हात-मुँह धू, मग नाश्ता करून घे," असं काकू म्हणायच्या. रेवा दोन वाक्यं मराठीत बोलली की तिसरं हिंदीत. काकांचे पूर्वज कधी आले ते त्यांनाही नीट सांगता येईना. त्यांनी मला विचारलं, "लातूर पुण्याच्या बाजूला का?" महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, आणि तरी देवाला नैवेद्य दाखवताना म्हणतात ते श्लोक माझ्या आजोळच्यासारखेच होते.

मी पेटी उघडून तारा पाहिल्या, तेव्हा काका बाजूला येऊन बसले. गिटारीवरून हात फिरवत म्हणाले, "उद्या वसंत पंचमी. घरातली सगळी वाद्यं सरस्वतीपुढं मांडतो आम्ही. तुझं पण मांडू ना?"

मी लगेच हो म्हणालो. खंडेनवमीला आबा गॅरेजातले पाने धुऊन पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात आणि दिवसभर हात लावत नाहीत. गाडी बंद पडून माणूस दारात आला तरी त्याला दुसऱ्या दिवशी ये म्हणतात. मला वाटलं, पेटीला हळदकुंकू लागेल. यात काय जाणार होतं?

पंचमी

सकाळी मी घाटावर अंघोळीला गेलो. धुकं इतकं की पलीकडचं वाळवंट दिसत नव्हतं. पाणी अंगावर घेतल्यावर दात वाजू लागले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आरामात डुबक्या मारत होते. मला म्हणाले, "पहली बार है? दूसरी डुबकी में ठंड नहीं लगेगी." दुसरीतही थंडी वाजली.

परत आलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. पिवळ्या वस्त्रावर लहानशी मूर्ती, समोर पोथ्या, रेवाची सतार, एक तानपुरा. आणि त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकवून, पाटावर उभी अण्णांची गिटार. पेटी रिकामी, कोपऱ्यात. गिटारीच्या खुंट्यांवर झेंडूची ओली माळ होती आणि तिचं पाणी मानेवरून ओघळत होतं. चारही तारा पूर्ण सोडलेल्या. त्या वाळत घातलेल्या सुतळीसारख्या लोंबत होत्या.

मी ओला पंचा तिथेच टाकून पुढे झालो.

"काका," मी म्हणालो, "तारा..."

"मीच सैल केल्या," काका आनंदाने म्हणाले. "सबकी छुट्टी आज. पोथी उघडायची नाही, सतार वाजवायची नाही, मी पंचांगसुद्धा पाहत नाही. मग हिलाच बिचारीला ताणून कसं बसवायचं? इतक्या दुरून आली, विश्रांती नको?"

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की, काका, तारा पूर्ण सोडायच्या नसतात. एक वाक्य. पण समोर धोतर नेसलेले विद्वान गृहस्थ, समोर देवी, आणि मी कोण? मी म्हणालो, "बरं."

हा शब्द मी आयुष्यात पुष्कळदा वापरलाय. मास्तरांपुढे, साहेबांपुढे, खिडकीमागच्या कारकुनापुढे. आमच्या घरात शिकलेल्या माणसासमोर असंच बोलतात.

दुपारी केशरी भात झाला. मी रेवाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती सतार शिकते, त्यामुळे लगेच समजली. तिचाही चेहरा पडला.

"आत्ता उचलली तर?" मी विचारलं.

"उद्या सुबह उत्तरपूजा होते. तोवर कोणी हात लावत नाही. पण तू बाबांना बोल ना. गुस्सा नाही करणार ते."

"मग?"

"उदास होतील." ती म्हणाली. "तेच तुला सहन नाही होणार. मला पण नाही होत."

मी बोललो नाही. संध्याकाळी खालच्या गल्लीत पोरांनी सरस्वतीचा मंडप घातला होता आणि तिथे डीजे सुरू झाला. विद्येच्या देवीपुढे अशी गाणी वाजतील हे मला खरंच वाटत नव्हतं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, चहाच्या कपात तरंग उठत होते. गल्लीभर बेस घुमत होता आणि वर अण्णांची गिटार मुकी उभी होती. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे मी तिच्याजवळच अंथरूण घातलं. त्या दिवशी माझ्या हातून त्यांची पाळली गेलेली तेवढीच एक गोष्ट.

विसर्जनाचा दिवस

आठ वाजता उत्तरपूजा झाली. काकांनी अक्षता टाकल्या, मूर्ती जराशी हलवली आणि गिटार स्वतः उचलून माझ्या हातात दिली. मी पुसली, तारा चढवल्या, सूर लावले. मग सर्वांत जाड तार छेडली.

पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला. पहिल्या चार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, सगळीकडे खडखड. मी गिटार डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली. सरळ असणारी मान मध्ये फुगली होती, मांजराने पाठ वर काढावी तशी. सळई जिंकली होती. स्पर्धा दुपारी दोनला होती, आणि लग्न रविवारी.

काकांनी विचारलं, "काय झालं?" आता मात्र सगळं बाहेर पडलं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला काल ठाऊक होतं?"

"हो."

"मग काल का नाही बोललास?"

मी गिटार पाटावर आडवी ठेवली.

"अरे, सत्तरी उलटली माझी," ते म्हणाले. "तुम्ही चुकताय असं मला सांगणारे सगळे निघून गेले. विद्यार्थी पाया पडतात आणि जातात. तू तरी सांगायचंस."

रेवा म्हणाली तसंच झालं. ते रागावले नाहीत. ते मूर्तीपुढे पाठमोरे बसून राहिले, आणि मला ते सहन होईना.

रेवा मला तिच्या सतारीच्या कारागिरांकडे घेऊन गेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. भुशाने भरलेल्या खोलीत भोपळे टांगलेले होते. चाचांनी बेस गिटार आजवर दुरुस्त केली नव्हती. पण त्यांनी एक डोळा मिटून मानेवरून पाहिलं, बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "लकड़ी डर गई है."

"ठीक होगी?"

"तार चढ़ाए रखिए और भूल जाइए. दो दिन, चार दिन. लौटना चाहेगी तो लौट आएगी."

"और ये पेंच?" मी मानेच्या टोकाचा सळईचा पेच दाखवला. मोबाइलवर मी पाहिलं होतं की तो फिरवून मान सरळ करतात.

चाचांनी हात मागे घेतला. "पुरानी चीज़ है, बेटा. टूट गया तो मैं आपको क्या मुँह दिखाऊँगा, और आप उसको क्या दिखाएँगे जिसकी है?"

गल्ल्या विसर्जनाच्या मिरवणुकांनी तुंबल्या होत्या, म्हणून नावेने जायचं ठरलं. पेटी पुन्हा दोरीने खाली आली. काकूंनी ती मेणकापडात गुंडाळून दिली. नाववाल्याने पेटी फळीवर ठेवू दिली नाही. "नीचे पानी रिसता है. गोद में लीजिए, बच्चे की तरह." मी तशीच मांडीवर घेतली. धुक्यातून एकेक घाट येत होता आणि मागे जात होता. शेकडो पांढरे पक्षी नावेभोवती ओरडत होते, लोक त्यांना शेव टाकत होते. घाटांवरून मूर्ती पाण्यात उतरत होत्या. हे सगळं सुंदर होतं असं आता वाटतं. तेव्हा मी फक्त पेटीवर पडणारे थेंब पुसत होतो.

स्पर्धेच्या मांडवामागे आमचा ड्रमवाला फारुख वाटच बघत होता. त्याला मी फोनवर सांगितलं होतं, आणि त्याने दुसऱ्या संचाकडून त्या पेचाची किल्ली मागून आणली होती.

"पाव फेरा, ओंक्या. फक्त पाव!"

"नको."

"अरे, वर्षभर मेहनत केलीय आपण. तुझ्या अण्णाला कळणार पण नाही."

"तुटली तर?"

"आणि नाही तुटली तर?"

किल्ली त्याच्या तळहातावर होती. श्वेता, आमची गाणारी, काहीच बोलत नव्हती, आणि तेच मला जास्त लागत होतं. नेहमीच्या सवयीने माझ्या ओठांवर 'बरं' आलं होतं. पण मी म्हणालो, "नाही. खालचे फ्रेट सोडून मी वर वाजवतो. पाचव्याच्या पुढे आवाज स्वच्छ येतोय. पंधरा मिनिटं दे."

फारुखने किल्ली खिशात टाकली. "वर वाजवणार म्हणे. मग सनईच आणायची होतीस की," तो म्हणाला आणि मला गाण्याचे ठेके मोजून देऊ लागला.

आम्ही वाजवलं. बक्षीस मिळालं नाही. खाली उतरल्यावर एका परीक्षकांनी सहज विचारलं, "बेस में नीचे का कुछ था ही नहीं, क्यों?" फारुखने माझ्याकडे पाहिलं आणि परीक्षकांना म्हणाला, "सर, तबियत ठीक नहीं थी उसकी."

संध्याकाळी काकांनी मला समोर बसवलं. "आता त्यांना फोन लाव. माझ्यासमोर." मी लावला आणि अण्णांना पहिल्यापासून सांगितलं. मध्येच काकांनी फोन घेतला. "नमस्कार. मी दामोदर. तारा मी सोडल्या. दोष माझा आहे."

फोनमधून अण्णांचा आवाज मला ऐकू आला. "तुम्हाला माहीत नव्हतं, महाराज. त्याला माहीत होतं."

काकांनी फोन मला परत दिला.

"पेचाला किल्ली लावली का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

अण्णा म्हणाले, "तारा चढवलेल्याच ठेव. झोपवून आण." आणि फोन ठेवला.

घरी

गाडीत पेटी बर्थवर झोपली आणि मी तिच्या पायाशी बसून आलो. निघताना काकांनी मला नमस्कार करू दिला नाही. "त्यापेक्षा पुढल्या वेळी भांड माझ्याशी," म्हणाले.

स्टेशनवर आबा आले होते. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. आम्ही दोघे सरळ अण्णांच्या दारात गेलो. अण्णांनी पेटी घेतली, उंबऱ्यातच उघडली, एक डोळा मिटून मान पाहिली. सूर तपासला नाही. पेटी आत नेली आणि दार लोटून घेतलं. आबा काही क्षण त्या दाराकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चल."

पुढचे चार दिवस मी त्या रस्त्याने गेलो नाही. विचारायला जावं असं रोज वाटायचं, आणि रोज पाय दुसरीकडे वळायचे. रविवारी मी लायब्ररीत बसलो होतो. पुस्तक उघडं होतं, वाचत नव्हतो. दुपारी दीडच्या सुमारास फोन वाजला, म्हणून व्हरांड्यात आलो. आबांचा होता. मागे प्रचंड आवाज, वाढप्यांची आरडाओरड, गाणं.

"कुठं आहेस?" आबा ओरडले.

"लायब्ररीत. तुम्ही कुठं?"

"लग्नात."

"कुणाच्या?"

"मला काय ठाऊक कुणाच्या! अण्णा वाजवतोय इथं. मी स्पीकरच्या शेजारी उभा आहे. छातीत नुसतं धाडधाड होतंय."

"आबा, नीट ऐका. खालचा सूर खडखडतोय का?"

"ते मला कळत नाही बाबा. थांब, विचारतो."

"आत्ता नको! वाजवतायत ते!"

पण ते गेले होते. गाणं संपल्याचं मला ऐकू आलं, मग टाळ्या, मग दोन माणसांचं काहीतरी बोलणं. मी व्हरांड्याचा खांब धरून उभा होतो.

"हां," आबा परत आले. त्यांना धाप लागली होती. "सरळ झाली म्हणतो. तू आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीच झाली म्हणतो. आणि विचारतोय, चार दिवस वाट बघतोय मी, पोरगं आलं का नाही?"